सीएमएमवर (जॉबची मापं घेणारं मशीन) शॉपमधलीच पोरं तयार करायचीत, सुरुवात कुठून करू? (कुपवाड, सांगली)

कुपवाड_क्वालिटी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण पूर्ण वाचा ही विनंती, अर्धवट सांगितलं तर उत्तर पण अर्धवटच मिळणार.

मी कुपवाड एमआयडीसीत एका जॉब शॉपमध्ये क्वालिटी बघतो. ८ व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारी मिलिंग मशीन), ३ टर्निंग सेंटर, माणसं पन्नासच्या आसपास. कास्टिंग कोल्हापूरकडनं येतं, आम्ही मशिनिंग करतो आणि माल पुण्याला जातो. दीड वर्षापूर्वी मालकांनी कर्ज काढून ब्रिज टाइपचं सीएमएम घेतलं, एसी रूम केली, एअर ड्रायर बसवला, कुठंही हात आखडता घेतला नाही. मशीनसोबत ५ दिवसांचं ट्रेनिंग होतं ते आमच्या एका पोरानं घेतलं. पोरगं हुशार, सहा महिन्यांत सगळ्या पार्टचे प्रोग्राम त्यानं एकट्यानं बनवले. फेब्रुवारीत त्याला चाकणला चांगला पगार मिळाला, गेला. त्याचा दोष नाही, घरची जबाबदारी आहे, मी स्वतः त्याला पेढे दिले. जाताना त्यानं दोन दिवसांत दोघांना दाखवलं, प्रोग्राम कुठनं उघडायचा, जॉब (मोजायचा पार्ट) कसा ठेवायचा, स्टार्ट कसं द्यायचं, प्रिंट कशी काढायची.

जुने पार्ट चालत राहिले. पण मागच्या महिन्यात एक नवीन ब्रॅकेट आला, त्याचा प्रोग्राम आमच्या दोघांनी खटपट करून बनवला. एका होलची रीडिंग एक्समध्ये ०.०३ आणि वायमध्ये ०.०४ मिमी बाहेर, ड्रॉइंगवर पोझिशन डाया ०.०८ दिलेली, दोन्ही आकडे ०.०८ च्या आत म्हणून ओके करून माल पाठवला. कस्टमर म्हणतो पोझिशन ०.१० येते. २४० नगांचा लॉट परत आला. आता मालक म्हणतात मशीन चुकतंय का ते बघा, सर्व्हिसवाल्याला बोलवा.

ज्या दोघांना तयार करायचंय त्यातला एक मशीनिस्ट ट्रेडचा आयटीआय, तासगावकडचा, चार वर्षं व्हीएमसी चालवतोय. दुसरी मुलगी बीएस्सी झालेली, फायनल इन्स्पेक्शनला व्हर्नियर आणि हाइट गेजवर काम करते. दोघंही मनापासून शिकायला तयार आहेत. पण इंग्लिश मेन्यू बघून बिचकतात, आणि मशीन एवढं महागाचं की हात लावायला घाबरतात. परत ५ दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवायचं का? पाठवलं तर त्यातनं किती डोक्यात राहील? तुमच्याकडं माणसं कशी तयार केली ते सांगा.

साताऱ्याचा_स्टँडर्डरूम

साहेब, सर्व्हिसवाल्याला बोलवू नका. कस्टमर बरोबर आहे आणि मशीन पण बरोबर आहे.

०.०३ चा वर्ग ०.०००९, ०.०४ चा वर्ग ०.००१६, बेरीज ०.००२५, त्याचं वर्गमूळ ०.०५. म्हणजे होलचं सेंटर जिथं पाहिजे तिथून ०.०५ लांब आहे. पोझिशनचा टॉलरन्स (किती चूक चालेल ते) डायामध्ये दिलेला असतो, म्हणून त्याची दुप्पट करायची, ०.१०. कस्टमरचा आकडा तंतोतंत हाच आहे ना? डाया ०.०८ म्हणजे खऱ्या जागेभोवती ०.०८ व्यासाचं एक बारीक वर्तुळ, त्याच्या आत सेंटर पडलं पाहिजे, म्हणजे कुठल्याही बाजूला ०.०४ च्या पलीकडं जायला परवानगी नाही. तुमच्या पोरांनी एक्स वेगळा आणि वाय वेगळा बघितला.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं. मशीननं एक्स वाय अचूक दिला, पोरांनी मशीन नीट चालवलं, जॉब नीट ठेवला, आणि तरी २४० नग परत आले, कारण ड्रॉइंगवरची टॉलरन्सची ती छोटी चौकट वाचता आली नाही. ५ दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये सॉफ्टवेअरच शिकवतात, तिथं यायच्या आधी तुम्हाला ड्रॉइंग वाचता येतं असं ते धरून चालतात, आणि तिथंच सगळी गल्लत होते.

मी साताऱ्यात २२ वर्षं स्टँडर्ड रूममध्ये आहे. आमच्याकडं नवीन माणूस आला की पहिला महिना त्याला सीएमएमला हात लावू देत नाही. सरफेस प्लेट, हाइट गेज, लिव्हर डायल, व्ही ब्लॉक, साइन बार, स्लिप गेज, एवढ्या सामानावर एक मशिनिंग झालेला जॉब आणि त्याचं ड्रॉइंग हातात द्यायचं आणि म्हणायचं यातला एकूण एक डायमेन्शन काढून वहीत लिही. कुठल्या फेसवर जॉब टेकवायचा हे त्याला स्वतःला ठरवावं लागतं, तेव्हा डेटम (ज्या फेसपासनं मापं धरायची तो) म्हणजे काय ते कळतं. पर्पेंडिक्युलॅरिटी (काटकोन) काढायला अँगल प्लेट लावावी लागते, तेव्हा ती कशाच्या तुलनेत काढतोय ते कळतं. संगणकाच्या पडद्यावर डेटम ए बी सी निवडताना यातलं काहीच कळत नाही, तिथं नुसतं क्लिक असतं.

महिन्यानंतर तोच जॉब सीएमएमवर लावायचा आणि वहीतले आकडे समोर ठेवायचे. जिथं जुळत नाहीत तिथं कोण चुकलं ते त्यानं शोधून आणायचं. मी सांगायचं नाही. हे करायला कधी दोन दिवस लागतात, लागू द्या. आमच्याकडं एका पोराला एका हाइटमध्ये ४० मायक्रॉनचा (०.०४ मिमी) फरक येत होता. दीड दिवस तो पोरगा जेवायला सुद्धा वेळेवर गेला नाही. शेवटी जॉब उलटा करून डेटम फेसवरनं नख फिरवलं तर कोपऱ्यावर एक बारीक बर (कटिंगनंतर राहिलेली धातूची धार), डोळ्याला दिसत नव्हती, नखाला लागली. ऑइल स्टोन मारला, फरक गेला. त्यानंतर आजपर्यंत तो पोरगा जॉब ठेवायच्या आधी प्रत्येक फेसवरनं नख फिरवतो. हे मी शंभर वेळा तोंडानं सांगून झालं नसतं.

पलूसचा_टर्नर

एवढं सगळं शिकवून परत तो चाकणला जाणार नाही कशावरून? आमच्याकडं तीन गेले. मालकानं दोन वर्षांचा बाँड लिहून घ्यायला सुरुवात केली. नाहीतर सरळ पुण्यातनं तयार ऑपरेटर आणा, महाग पडेल पण डोक्याला ताप नाही.

मिरजेची_ऑपरेटर

पलूसच्या दादांना नम्रपणे सांगते, बाँड लिहून घेतला की माणूस पहिल्या दिवसापासनं बाँड कधी संपतो ते मोजत बसतो. मी स्वतः सीएमएम ऑपरेटर आहे, मिरज एमआयडीसीत, सात वर्षं. मला दोन वेळा पुण्यातनं फोन आला, गेले नाही. कारण एक तर घर इथं आहे, आणि दुसरं म्हणजे इथं मला लाइन थांबवायचा अधिकार आहे. फर्स्ट पीस (लॉटचा पहिला नग) मी ओके केल्याशिवाय सेटर पुढचा जॉब लावत नाही. पगार वाढवलाच पाहिजे, त्यात वाद नाही, पण माझ्या शब्दाला शॉपमध्ये किंमत आहे हे पण मला फार मोठं वाटतं. तुमच्या बीएस्सीवाल्या मुलीला हे द्या, ती नक्की टिकेल. आणि एकालाच नका शिकवू, दोघांना शिकवा, दोघांना आलटून पालटून बसवा, एक गेला तरी काम अडणार नाही.

आता भीतीबद्दल. मी पण फिजिक्समध्ये बीएस्सी, मशीन कधी बघितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातनं क्रॅश झाला. प्रोब (जॉबला टेकून माप घेणारा भाग) एका बोअरमधनं वर न काढता मी पुढच्या होलला जायची कमांड दिली, स्टायलस (प्रोबची पुढची दांडी) भिंतीला लागला आणि रुबीचा बॉल दांडीपासनं तुटून कुठंतरी उडाला. तो ग्रॅनाइटवर टिक् करून पडल्याचा आवाज मला अजून आठवतो. मी कुणाला न सांगता अर्धा तास तशीच बसले, हात थरथरत होते, वाटलं महिन्याचा पगार गेला. मग आमचे सर आले, त्यांनी बघितलं, एक शब्द बोलले नाहीत. कपाटातनं दुसरा स्टायलस काढला, माझ्या हातात दिला, म्हणाले बसव. मी बसवला. म्हणाले आता मास्टर बॉलवर क्वालिफाय कर. केला. तेव्हा समजावलं की स्टायलस बदलला किंवा साधा जरी धक्का लागला तरी मशीनला बॉलचा खरा साइज आणि जागा परत सांगावी लागते, नाहीतर त्यानंतरचा प्रत्येक आकडा खोटा. आणि म्हणाले, क्रॅश झाला की पाच मिनिटांत मला सांगायचं, कुणाचा पगार कापला जाणार नाही, पण लपवला आणि त्याच प्रोबनं माल ओके केला तर मात्र मला चालणार नाही.

कुपवाडच्या दादा, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. स्टायलस ही तुटणारीच वस्तू आहे, दोन जास्तीचे आणून ठेवा. घाबरलेला माणूस लपवतो, आणि लपवलेल्या क्रॅशनं झालेलं नुकसान स्टायलसच्या किमतीच्या कितीतरी पट असतं.

इंग्लिशचं म्हणाल तर माझी एक दोनशे पानी वही आहे, सगळी मराठीत. मेन्यूचं नाव जसं आहे तसं देवनागरीत लिहायचं आणि पुढं आपल्या भाषेत, हे केलं की काय होतं, कधी करायचं, कधी करायचं नाही. स्क्रीनचा फोटो काढून प्रिंट चिकटवायची. आमच्याकडं नंतर आलेल्या तिघी त्याच वहीवर शिकल्या. तुमचा पोरगा आणि मुलगी जे शिकतील ते त्यांनाच लिहायला लावा, तुम्ही लिहून देऊ नका. लिहिताना कुठं अडलं ते लगेच कळतं.

आयटीआय_निदेशक_सातारा

चांगली चर्चा चाललीय म्हणून लिहितो. मी मशीनिस्ट ट्रेडला शिकवतो, माझ्याकडं कोरेगाव, वाई, पाटण, लांब लांबची पोरं येतात, हात चांगला, मेहनत करायची तयारी, पण डेटम म्हटलं की कोरी नजर. मी इंग्लिश पुस्तकातली व्याख्या सांगायची सोडून दिली. आता असं सांगतो.

गावाकडं घर बांधताना गवंडी काय करतो? आधी जोतं लेव्हलमध्ये आणतो, मग एक दोरी ताणून पहिल्या भिंतीची लाइन धरतो, मग गुण्या लावून दुसरी भिंत काढतो. दरवाजा कुठं येणार ते या तिन्हीपासनं मोजतो. जोतं वाकडं असेल तर पुढचं सगळं वाकडं, मग भिंतीची कितीही काळजी घ्या. जोतं म्हणजे पहिला डेटम, दोरी म्हणजे दुसरा, गुण्यानं काढलेली बाजू म्हणजे तिसरा. क्रम बदलला की घर बदलतं. ड्रॉइंगवरच्या चौकटीत ए बी सी या क्रमाला म्हणूनच अर्थ आहे, बी ए सी केलं तर त्याच जॉबचे आकडे वेगळे येतील.

मग ३-२-१. शेतातली तिपाई कशीही ठेवा, डगमगत नाही, चार पायांचं स्टूल डगमगतं. तीन पॉइंटनं जॉब खाली बसतो, आता तो वर खाली होत नाही आणि कलंडत नाही, पण टेबलावर सरकतो आणि गोल फिरतो. बाजूला दोन पॉइंट टेकवले की फिरायचा थांबला आणि एका दिशेनं सरकायचा पण थांबला. उरलेल्या दिशेला एक पॉइंट, झालं, जॉब पक्का. एक वीट घेऊन खोलीच्या कोपऱ्यात सरकवून दाखवतो. पाचवीतल्या पोराला सुद्धा समजेल. फिक्स्चरमध्ये (मशीनवर जॉब धरून ठेवायचं साधन) जॉब बसवताना हेच असतं आणि सीएमएममध्ये अलाइनमेंट करताना पण हेच, तुमच्या तासगावच्या पोराला फिक्स्चर रोज हाताळायची सवय आहे, त्याला हे दहा मिनिटांत कळेल.

माझं स्पष्ट मत आहे की व्हीएमसी चालवलेला माणूस मेजरमेंटला उत्तम तयार होतो, कारण आकडा बाहेर गेला तर तो का गेला असेल याचा अंदाज त्याला असतो, टूल झिजला का, क्लँपनं जॉब दबला का, ऑफसेट चुकला का. आणि अप्रेंटिस घ्या. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली पोरं मिळतात, स्टायपेंडचा काही भाग सरकारकडनं येतो, वर्षभर पोरगं तुमच्या डोळ्यासमोर राहतं, त्यातनं कोण टिकणार ते तुम्हाला आधीच कळतं.

कुपवाड_क्वालिटी

सगळ्यांचे मनापासून आभार. साताऱ्याच्या साहेबांचा हिशोब मी दोघांना फळ्यावर करून दाखवला, एकदम शांत झाले दोघं, मग मुलगी म्हणाली सर जुने रिपोर्ट पण काढून बघूया. कालपासनं ती फायली घेऊन बसलीय. मालकांना पण सांगितलं की मशीन चुकत नाही.

अजून एक विचारायचं होतं. आमच्या रूमचा एसी रात्री बंद करतो, सकाळी ८ ला चालू करतो, वीजबिल वाचावं म्हणून. आणि जॉब व्हीएमसीवरनं काढला की लगेच मागतात, पुढचा लावायचा असतो. हे चालतं का? सकाळी आणि दुपारी एकाच जॉबचे आकडे वेगळे येतात असं पोरगा म्हणत होता, मी त्याला तेव्हा गप्प बसवलं.

कराडचा_ॲप्लिकेशनवाला

पोरगा बरोबर म्हणत होता, त्याची आधी पाठ थोपटा. ज्यानं हे लक्षात घेतलं तो चांगला मेजरमेंटवाला होणार.

मी गेली अकरा वर्षं सीएमएम बसवणं आणि शिकवणं हेच करतो, शिरवळपासनं तासवडे, इस्लामपूर, मिरज, सगळीकडं फिरतो. तापमान या एका विषयावर मी अर्धा दिवस घालवतो, आणि हिशोब पोरांकडनंच करून घेतो.

जगभर लांबीचं माप २० डिग्रीला धरतात, हे १९३१ साली ठरलं. ड्रॉइंगवर वेगळं लिहिलेलं नसेल तर प्रत्येक डायमेन्शन २० डिग्रीचं समजायचं. स्टील एका मीटरला एका डिग्रीमागं साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम साधारण २३. आता एप्रिलमध्ये तुमच्या शॉपमध्ये ३६ डिग्री धरा, म्हणजे १६ डिग्री जास्त. २०० मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब तिथून उचलून आणला तर तो जवळजवळ ७४ मायक्रॉन लांब दाखवणार, स्टीलचा असेल तर ३७. टॉलरन्स ५० मायक्रॉनचा असेल तर सगळा टॉलरन्स उन्हाळ्यानंच खाल्ला. पोरांना हे पटवायला मी काय करतो, गरम जॉब ठेवून एक डायमेन्शन दर दहा मिनिटांनी मोजायला लावतो आणि कागदावर ग्राफ काढायला लावतो. रेषा हळूहळू खाली येत जाते आणि शेवटी सपाट होते. जिथं सपाट झाली तेवढा वेळ त्या जॉबला रूममध्ये ठेवायचा. लहान पार्टला तासभर पुरेल, जाड कास्टिंगला तीन-चार तास सुद्धा लागतात. वजनावर आहे, म्हणून प्रत्येक पार्टचा वेळ असा स्वतः काढून प्रोग्रामच्या शीटवर लिहून ठेवा. लाइन थांबते अशी तक्रार येणारच, त्यावर उपाय म्हणजे एक जाड ॲल्युमिनियमची प्लेट रूममध्ये ठेवा, त्यावर जॉब ठेवला तर तो लवकर थंड होतो, लाकडी टेबलावर किंवा प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवू नका.

एसी बंद करू नका. ग्रॅनाइटचं टेबल एवढं जड असतं की रात्री तापलेलं सकाळी दोन तासात जागेवर येत नाही, हवा २० ची झाली तरी टेबल आणि स्केल अजून सरकत असतात. सकाळ दुपारचा फरक बहुतेक याचाच आहे. वीजबिल महत्त्वाचं आहे मला मान्य आहे, पण परत आलेल्या २४० नगांचा खर्च मालकांसमोर मांडा, ते ऐकतील.

दुसरी गोष्ट, वर्तुळ किती पॉइंटनं मोजायचं. तीन पॉइंटनं वर्तुळ निघतं म्हणून नवीन माणूस तीनच घेतो, वेळ वाचतो. मग राउंडनेस (गोलाईतली चूक) ०.००० येतो आणि तो खुश होतो. अरे तीन पॉइंटमधनं नेहमीच एक अचूक वर्तुळ जातं, तिथं चूक दिसायला जागाच नाही. पातळ भिंतीचा रिंगसारखा जॉब तीन जॉच्या चकमध्ये आवळून बोअर केला की चक सोडल्यावर तो बोअर तिकोना होतो. दोन टोकांच्या बोअर गेजला पण हे दिसत नाही, कारण तिकोन्या बोअरचा डाया कुठूनही धरा सारखाच येतो. मी एका ठिकाणी शिकवत असताना नेमकं हे झालं. बोअर २५ एच ७, म्हणजे २५.००० ते २५.०२१. सीएमएम म्हणतं २५.००४, ओके. आणि असेंब्लीवाला २५.००० चा गो प्लग (बोअरमध्ये शिरलाच पाहिजे असा गेज) घेऊन आला, प्लग आत जाईना. एका बाजूला लाखांचं मशीन आणि दुसऱ्या बाजूला साधा प्लग, शॉपमध्ये सगळे मशीनकडं बघून हसायला लागले. तिथं जी मुलगी शिकत होती तिला मी म्हटलं २४ पॉइंट घे. घेतले, राउंडनेस १८ मायक्रॉन आला. मग सॉफ्टवेअरमध्ये सरासरी वर्तुळाऐवजी आत मावणारं सगळ्यात मोठं वर्तुळ निवडायला सांगितलं, २४.९८६ आला. प्लग खरं बोलत होता. सीएमएमनं खोटं सांगितलं नव्हतं, त्याला सरासरी विचारली होती, त्यानं सरासरी सांगितली. प्लगला सरासरीशी घेणं नाही, त्याला आत शिरायला जागा पाहिजे.

त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी चकचं प्रेशर कमी करून बोअर करून घ्यायला लावला, राउंडनेस ५ वर आला.

तिसरं, छोट्या डेटमवरनं मोठी झेप घेऊ नका. तुमच्या ब्रॅकेटसारख्या पार्टला कधी कधी डेटम फेस २५ मिमीचा असतो आणि होल असतं २५० मिमीवर. त्या फेसच्या एका टोकाला १० मायक्रॉनचा कचरा असला तर तिकडं होलपाशी १०० मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणून तिथं पॉइंट जास्तीत जास्त लांब लांब घ्यायचे, फेस पुसून घ्यायचा, आणि अलाइनमेंट झाली की एकदा परत मोजून बघायचं.

आणि हो, पावसाळ्यात एअर लाइनमध्ये पाणी येतं. सीएमएमचा ब्रिज हवेच्या थरावर तरंगतो, तो थर काही मायक्रॉनचाच असतो. फिल्टरच्या वाटीत पाणी दिसलं तर मशीन चालू करायचं नाही, रोज सकाळी वाटी बघणं हे ऑपरेटरचं पहिलं काम. ड्रायर बसवलाय म्हणून विसरू नका.

मिरजेची_ऑपरेटर

कराडच्या दादांचं प्लगचं उदाहरण मी वहीत उतरवून घेतलं. एक जोडते, पोरांना थोडा इतिहास पण सांगा, उत्साह येतो. टच प्रोब आधी नव्हताच, घट्ट दांडीचा प्रोब जॉबला टेकवायचे. कॉनकॉर्ड विमानाच्या इंजिनातल्या बारीक नळ्या मोजायच्या होत्या, घट्ट प्रोब टेकला की नळीच वाकायची. तेव्हा डेव्हिड मॅकमर्ट्री नावाच्या इंजिनिअरनं हलका स्पर्श झाला की सिग्नल देणारा प्रोब बनवला, आणि त्यातनं १९७३ साली रेनिशॉ कंपनी उभी राहिली. आमच्या सरांनी मला हे सांगितलं तेव्हापासनं जॉयस्टिकनं शेवटचे दोन मिलिमीटर जाताना मी अगदी हळू जाते, त्या नळ्या डोळ्यासमोर येतात.

साताऱ्याचा_स्टँडर्डरूम

तयार झाला का नाही हे कसं ठरवायचं ते कुणी लिहिलं नाही म्हणून परत आलो. आमच्याकडं परीक्षा घेत नाही, स्टडी घेतो. १० जॉब, ३ माणसं, प्रत्येकी ३ वेळा. दोन नवीन आणि एक जुना. तुमच्याकडं जुना कुणी नसेल तर तुम्ही स्वतः बसा. जॉबवर नंबर मागच्या बाजूला टाका, कोणता कितवा ते मोजणाऱ्याला कळू देऊ नका, आणि प्रत्येक वेळी जॉब काढून पुसून परत ठेवायला लावा. तसाच ठेवून तीनदा स्टार्ट दाबलं तर ती मशीनची परीक्षा होते, माणसाची नाही. गेज आर अँड आर (मोजण्यातच किती फरक येतो ते) टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत आला तर उत्तम, ३० च्या वर गेला तर कुठं फरक पडतोय ते शोधा. सीएनसी (प्रोग्रामवर आपोआप चालणाऱ्या) सीएमएमवर माणसामाणसात फरक आला तर तो जवळजवळ नेहमी जॉब पुसण्यात आणि टेकवण्यात असतो.

५ दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवाच, पण तीन महिन्यांनी. तेव्हा ते वहीभर प्रश्न घेऊन जातील आणि शिकवणाऱ्याला सुट्टी देणार नाहीत.

कुपवाड_क्वालिटी

सात आठवड्यांनी परत लिहितोय, तुम्ही एवढं लिहिलं त्याचं काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

एसी आता २४ तास चालू. मालकांना २४० नगांचा रिवर्क, वाहतूक आणि ओव्हरटाइम कागदावर मांडून दाखवला, त्यांनी पाच मिनिटांत हो म्हटलं. दोघांना चार आठवडे सरफेस प्लेटवर ठेवलं. पहिले आठ दिवस पोरगा नाराज होता, म्हणाला एवढं मशीन असताना हाइट गेजवर कशाला. मग त्याच ब्रॅकेटची पोझिशन त्यानं अँगल प्लेट आणि डायल लावून हातानं काढली, एक्स वाय लिहिला, वर्ग केले, दुप्पट केली आणि ०.०९६ आली. तो कागद त्यानं रूमच्या दारावर चिकटवलाय.

मुलीनं जुन्या फायली चाळून आणखी दोन पार्ट शोधले ज्यांच्या पोझिशनचा हिशोब असाच एक्स वाय वेगळा धरून केला होता. एकाचा माल अजून डिस्पॅचला होता, थांबवला. दुसऱ्याचा गेला होता, कस्टमरला आम्ही स्वतःहून फोन करून सांगितलं. मला वाटलं ओरडा बसेल, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि लॉट वेगळा काढून ठेवला.

परवा स्टडी घेतली, मी तिसरा बसलो. एका बोअरला ११ टक्के आला, एका हाइटला २७. हाइटचा फरक कुणामुळं येतोय ते बघितलं तर माझ्यामुळं, मी जॉब ठेवताना स्टॉपरला नीट टेकवत नव्हतो. मुलीनं मला दाखवलं, एका हातानं खाली दाबायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं सरकवायचा, टक् असा आवाज आला पाहिजे. तसं केल्यावर परत घेतली, १४ आला.

दोघांचा पगार जुलैपासनं वाढवलाय आणि फर्स्ट पीस ओके करायचा शिक्का दोघांच्या नावानं वेगवेगळा केलाय. बीएस्सीवाल्या मुलीची वही ४० पानं झालीय. मिरजेच्या ताई, तुमची वही एकदा बघायला मिळेल का? आम्ही तिघं शनिवारी दुपारी येऊ शकतो, आमच्याकडचा एक तिकोना बोअर घेऊन येतो, सापडलाय एक.

मिरजेची_ऑपरेटर

या की दादा, शनिवारी २ नंतर माझी शिफ्ट सुटते. साहेबांची परवानगी काढून ठेवते. जॉब आदल्या रात्री पाठवून द्या, सकाळपर्यंत रूममध्ये राहू दे.